विमानाच्या कारखान्यात झाडू कोणाच्या हाती?

"देश संकटात आहे, आत्ता जातीचा विषय काढू नका." सीमेवर तणाव वाढला की हे वाक्य आपल्याला हमखास ऐकवले जाते. शांततेच्या काळात तेच लोक म्हणतात, "आता कुठे राहिली आहे जात?" म्हणजे शांतता असेल तेव्हा प्रश्नच नाही, आणि युद्ध असेल तेव्हा प्रश्न विचारायचा नाही. मग शोषितांनी आपला हक्क मागायचा तरी कधी?

या युक्तिवादाला उत्तर द्यायला भावना पुरत नाहीत, इतिहास लागतो. म्हणून आज दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या विमान कारखान्यांविषयी लिहितो आहे. त्या कारखान्यांत काय घडले हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. युद्धाच्या ऐन धामधुमीत, "देश आधी" हे सांगणाऱ्या राष्ट्राध्यक्षासमोर बसून, तिथल्या कृष्णवर्णीय कामगारांनी आपला हक्क लिहून घेतला. त्यांनी "आत्ता नको" मान्य केले असते तर त्यांना काहीच मिळाले नसते.

प्रशिक्षण असले तरी झाडूच

मे १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी जाहीर केले की अमेरिकेला वर्षाला ५०,००० विमाने बनवण्याची क्षमता हवी. त्या वेळी हा आकडा अनेकांना अशक्य वाटला. चार वर्षांनी, १९४४ या एका वर्षात अमेरिकेने सुमारे ९६,००० विमाने बनवली. मिशिगनमधल्या विलो रन इथे फोर्डच्या कारखान्यातून बी-२४ लिबरेटर हे चार इंजिनांचे बॉम्बर ऐन भराच्या काळात तासाला एक या गतीने बाहेर पडत होते. या पराक्रमाच्या कथा पुस्तकांत आहेत, माहितीपटांत आहेत. डोक्याला रुमाल बांधलेली, दंड दाखवणारी गोरी कामगार स्त्री पोस्टरवर आहे. पण या चित्राच्या चौकटीबाहेर कोणाला ठेवले होते ते बघा.

१९४० साली अमेरिकेच्या विमान उद्योगात सुमारे एक लाख कामगार होते. त्यांत कृष्णवर्णीय किती? सुमारे २४०. आणि त्यांतलेही बहुतेक यंत्रावर नव्हते. ते झाडलोट करत होते, ओझी वाहत होते. डग्लससारख्या तेहतीस हजार माणसे कामाला असलेल्या कंपनीत कृष्णवर्णीय कामगार १९४१ मध्येही हाताच्या बोटांवर मोजता येत होते.

याला कारण "कौशल्याचा अभाव" असे कोणी म्हणेल, तर त्याला नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनची गोष्ट सांगा. ही कंपनी कॅन्सस सिटीत बॉम्बर विमानांचा नवा कारखाना उभारत होती. सरकारी पैसा, सरकारी मागणी. १९४१ च्या वसंतात कंपनीचे अध्यक्ष किंडेलबर्गर यांनी उघडपणे जाहीर केले की कृष्णवर्णीयांचा विचार फक्त सफाई आणि तशाच कामांसाठी होईल. त्यांनी विमानकामाचे प्रशिक्षण घेतलेले असले तरी त्यांना त्या कामावर घेतले जाणार नाही.

'प्रशिक्षण घेतलेले असले तरी' हे शब्द नीट लक्षात ठेवा. मेरिटच्या नावाने आपल्याला रोज जे प्रवचन दिले जाते, त्याचा खरा चेहरा या चार शब्दांत आहे. योग्यता नसेल तर योग्यता नाही म्हणून नको, आणि योग्यता असेल तर तू तो आहेस म्हणून नको. किंडेलबर्गर निदान स्पष्ट बोलला. आपल्याकडे हेच काम आडनाव विचारून, गाव विचारून, "तुमच्याकडे कोणता सण मोठा?" असे गोड हसत विचारून होते.

आणि प्रशिक्षण तरी सहज मिळत होते का? सरकारी पैशाने संरक्षण उद्योगासाठी प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. अनेक ठिकाणी कृष्णवर्णीय तरुणांना प्रवेश नाकारताना सांगितले गेले: तुम्हाला पुढे कोणी कामावर घेणार नाही, मग शिकवून काय उपयोग? कारखान्यात गेले की मालक म्हणणार: तुम्ही शिकलेले नाही, मग घेणार कसे? शाळा कारखान्याकडे बोट दाखवते, कारखाना शाळेकडे. मधल्या मध्ये माणूस उभाच. हा खेळ ज्यांच्या आजोबांनी पाहिला, त्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

कामगार एकजुटीचे कुलूप

आता या गोष्टीचा तो भाग, जो आपल्या डाव्या मित्रांना ऐकायला अवघड जातो. दार फक्त मालकाने बंद केले नव्हते. आतून कडी कामगारांनी घातली होती.

इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ मशिनिस्ट्स ही यंत्रकामगारांची बलाढ्य संघटना. तिच्या दीक्षाविधीतच अशी शपथ होती की सदस्यत्वासाठी फक्त गोऱ्या माणसाचे नाव सुचवायचे. सिएटलच्या बोइंग कारखान्यात याच संघटनेशी करार होता. संघटनेचा सदस्य नसेल तर काम नाही, आणि काळा असेल तर सदस्यत्व नाही. कृष्णवर्णीय माणूस कंपनीकडे गेला की कंपनी म्हणे, आमची हरकत नाही, संघटना ऐकत नाही. संघटनेकडे गेला की उत्तर मिळे, आमच्या नियमात बसत नाही. बोइंगचे हे दार १९४२ मध्ये किलकिले झाले, तेही संघटनेच्या पूर्ण सदस्यत्वाने नव्हे, तात्पुरत्या परवान्याने. मशिनिस्ट संघटनेने वर्णबंदीची ती अट काढली १९४८ साली, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर.

मुंबईच्या गिरण्या आठवा. विणखात्यात पगार जास्त, पण अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नाही. का? धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकराला चालणार कसा? लाल झेंडा खांद्यावर, "जगातील कामगारांनो एक व्हा" ही घोषणा तोंडात, आणि विटाळ धोट्यात! १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा अनेक कामगार पुढाऱ्यांना तो एकजूट फोडणारा वाटला. एकजूट कोणी फोडली होती? धोट्याला विटाळ चिकटवणाऱ्यांनी, की तो विटाळ दाखवून देणाऱ्यांनी?

पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले. ते भाषण आपण फार वेळा आठवतो, पण त्यातला तपशील विसरतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच का राहतो? त्याला साधा पोर्टर का होता येत नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, आणि तिथे विटाळ आड येतो. वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, फोरमन म्हणून तो का दिसत नाही? हे प्रश्न बाबासाहेबांनी खात्याखात्यानुसार मांडले. कोणाच्या हातात कोणते अवजार आहे, हे बघितल्याशिवाय कामगारवर्गाची भाषा पोकळ आहे, हे त्यांनी कॅन्सस सिटीतला दरवाजा बंद होण्याच्याही आधी सांगून ठेवले होते.

एक लाख माणसे आणि एक आदेश

ए. फिलिप रँडॉल्फ हे नाव आपल्या तरुणांना मार्टिन ल्यूथर किंग यांच्याइतके परिचित नाही. असायला हवे. पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांत गोऱ्या प्रवाशांची अंथरुणे घालणारे, बूट पुसणारे कृष्णवर्णीय पोर्टर. त्यांची संघटना रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये उभारली आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ साल उजाडले. बारा वर्षे चिकाटीने लढलेला हा माणूस होता. निवेदने देऊन फोटो काढून घरी जाणाऱ्यांतला तो नव्हता.

विमान कारखान्यांत आपल्या माणसांना दार बंद आहे, सैन्यात वेगळ्या पलटणी आहेत, भेटीगाठींतून गोड शब्दांपलीकडे काही मिळत नाही, हे पाहून जानेवारी १९४१ मध्ये रँडॉल्फ यांनी जाहीर केले: दहा हजार कृष्णवर्णीय माणसे राजधानी वॉशिंग्टनवर मोर्चा काढतील. प्रतिसाद इतका वाढला की आकडा एक लाखावर गेला. तारीख ठरली १ जुलै १९४१. मोर्चा कृष्णवर्णीयांचाच असेल, त्यांच्याच पैशाने आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली असेल, हेही त्यांनी ठरवले. यावर टीका झाली. सहानुभूतीदार गोऱ्यांना दूर का ठेवता, असे विचारले गेले. स्वतःची संघटना स्वतःच्या हातात असली पाहिजे, हे उत्तर आपल्याला नवे नाही.

त्या महिन्यात काय वातावरण होते ते समजून घ्या. ९ जूनला कॅलिफोर्नियातल्या इंगलवूड इथे याच नॉर्थ अमेरिकन कंपनीतल्या कामगारांचा पगारवाढीचा संप मोडून काढायला रुझवेल्ट यांनी सैन्य पाठवले होते. विमानाचे उत्पादन एक दिवस थांबलेलेही सरकारला परवडत नव्हते. अशा वेळी १८ जूनला व्हाइट हाउसमध्ये रँडॉल्फ आणि इतर नेते राष्ट्राध्यक्षांसमोर बसले. मोर्चा रद्द करा, अशी गळ घातली गेली. दंगल होईल, देशाची बदनामी होईल, शत्रूला फायदा होईल, हेच ते सगळे आपल्या ओळखीचे युक्तिवाद. किती माणसे येतील, या प्रश्नाला रँडॉल्फ यांचे उत्तर होते: एक लाख. आणि मागणी एकच: आश्वासन नको, आदेश हवा.

२५ जून १९४१ रोजी कार्यकारी आदेश क्रमांक ८८०२ निघाला. संरक्षण उद्योगांत आणि सरकारी नोकऱ्यांत वंश, पंथ, वर्ण किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करायचा नाही. सरकारी प्रशिक्षण वर्गांनाही हाच नियम. तक्रारी ऐकायला न्याय्य रोजगार समिती. मोर्चा स्थगित झाला.

एक पाऊलही न टाकलेल्या मोर्च्याने हे मिळवले. याचा अर्थ मोर्चाची गरज नव्हती असा होत नाही. मोर्चा खरोखर निघू शकतो, हे सत्तेला पटले होते, म्हणून तो काढावा लागला नाही. आपल्या निवेदनांमागे असे काय उभे असते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

दोन आघाड्या

जानेवारी १९४२ मध्ये 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात एक पत्र छापून आले. लिहिणारा जेम्स जी. थॉम्पसन, वय २६, कॅन्ससमधल्या विचिटा शहरातला. काम कुठे? सेस्ना विमान कारखान्यात. पण विमानावर नाही, कारखान्याच्या उपाहारगृहात. विमान बनवणाऱ्यांना जेवण वाढायचे, विमानाला हात लावायचा नाही. त्याने विचारले की मी अर्धा अमेरिकन म्हणून जगण्यासाठी प्राण द्यायचे का? आणि त्यानेच उत्तरही सुचवले: परदेशातल्या शत्रूवर एक विजय आणि देशातल्या विषमतेवर दुसरा विजय. त्यातून 'डबल व्ही' ही दुहेरी विजयाची मोहीम उभी राहिली आणि देशभर पसरली. विद्यापीठातल्या विद्वानाने नव्हे, विमान कारखान्याच्या उपाहारगृहातल्या तरुणाने एका लढ्याला त्याची घोषणा दिली.

त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला म्हणून त्यांना इंग्रजधार्जिणे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात त्यांनी भारतीय कामगार हे युद्ध जिंकायला का कटिबद्ध आहे ते सांगितले. नाझीवाद जिंकला तर समतेची भाषाच संपेल, हा एक भाग. आणि नुसते राज्यकर्ते बदलून भागणार नाही, स्वातंत्र्य, समता, बंधुतेवर उभी राहणारी नवी व्यवस्था हवी, हा दुसरा भाग. विचिटाचा तो तरुण आणि दिल्लीतले मजूरमंत्री एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांनी तीच गोष्ट पाहिली होती: बाहेरच्या शत्रूशी लढताना घरातल्या शत्रूला सूट द्यायची नसते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ही ओळख १९७२ च्या दलित पँथरपासून सुरू होत नाही, तिची मुळे जुनी आहेत.

कागदावरचा आदेश आणि रस्त्यावरचा द्वेष

आदेश निघाला आणि सगळे सुरळीत झाले, असे समजणारा माणूस भाबडा आहे. न्याय्य रोजगार समितीला शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता. ती सुनावणी घेई, कंपन्यांना उघडे पाडी, समज देई. तरीही मार्च १९४२ मध्ये युद्धउद्योगांतले कृष्णवर्णीयांचे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी होते, ते १९४४ च्या अखेरीस आठ टक्क्यांवर गेले. याचे श्रेय फक्त आदेशाचे नाही. लाखो गोरे पुरुष सैन्यात गेले, माणसांचा तुटवडा पडला. पण फक्त तुटवड्याचेही नाही. तुटवडा असतानाही १९४१ मध्ये दारे बंदच होती. गरज, कायदा आणि संघटना या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा दार हलले.

आणि हलले तेव्हा काय झाले? जून १९४३, डेट्रॉइट. पॅकार्ड कारखान्यात लढाऊ विमानांची मर्लिन इंजिने बनत होती. तिथे तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती देऊन असेंब्ली लाइनवर घेतले. फक्त तीन. त्याविरुद्ध सुमारे २५,००० गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. काळ्या माणसाशेजारी उभे राहण्यापेक्षा हिटलर आणि हिरोहितो जिंकलेले परवडले, अशा अर्थाची आरोळी तिथे ठोकली गेल्याची नोंद वॉल्टर व्हाइट या नेत्याने करून ठेवली आहे. त्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मात्र या संपाला विरोध केला आणि पुढारीपण करणाऱ्यांवर कारवाई झाली, हेही सांगितले पाहिजे. संघटना ठरवते तेव्हा संघटना करू शकते.

त्याच महिन्यात डेट्रॉइटमध्ये दंगल पेटली. ३४ माणसे मेली, त्यांत २५ कृष्णवर्णीय, आणि त्यांतले १७ पोलिसांच्या हातून. आदल्या वर्षी त्याच शहरात कृष्णवर्णीय युद्धकामगारांसाठी बांधलेल्या 'सोजर्नर ट्रुथ' वसाहतीत कुटुंबे राहायला निघाली, तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांना अडवले. शेवटी बंदोबस्तात घरे ताब्यात मिळाली. काम देताना विरोध, घर देताना विरोध, बढती देताना विरोध. देशभक्तीच्या परीक्षेत नापास कोण झाले ते वाचकांनीच ठरवावे. ज्यांना "देश आधी" सांगितले जात होते ते इंजिन बनवायला उभे होते. ज्यांना कोणी काही सांगत नव्हते, त्यांनी तीन काळ्या माणसांसाठी इंजिनांचे उत्पादन बंद पाडले.

युद्ध संपले. शेवटी आलेले पहिल्यांदा काढले गेले. १९४६ मध्ये न्याय्य रोजगार समितीचा पैसा काँग्रेसने बंद केला आणि समिती संपली. तिला कायम कायद्याचा आधार मिळालाच नाही.

हे आपल्यालाही नवीन नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपले, गरज संपली, पलटण मोडली. पुन्हा युद्ध आले तेव्हा, १९४१ मध्ये, बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने महार रेजिमेंट उभी राहिली. गरजेपोटी दिलेली जागा गरजेसोबत जाते. कायद्याने मिळालेली जागा टिकते. बाबासाहेबांना हे कळले होते.

म्हणून ते मजूरमंत्री असताना काय करत होते ते बघा. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन दिले. त्यात नोकऱ्यांतला वाटा होता, उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या होत्या, आणि तांत्रिक शिक्षणाचा स्वतंत्र आग्रह होता: विज्ञान-तंत्रज्ञान शिकायला मदत द्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून आमच्या मुलांना घ्या. १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९४६ मध्ये ते प्रमाण १२.५ टक्के झाले. पुढे संविधानाने त्याला पाया दिला. अमेरिकेत युद्धानंतर समिती मेली. इथे युद्धकाळातला आदेश संविधानात जाऊन बसला. आपल्या घरातल्या पहिल्या सरकारी पगाराची मुळे इथे आहेत.

ओझर, नागपूर, वडोदरा

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. भारतातला पहिला विमान कारखाना, हिंदुस्तान एअरक्राफ्ट, डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साथीने बंगळूरला काढला. युद्धाची निकड ओळखून भारत सरकारने १९४२ मध्ये तो ताब्यात घेतला, आणि १९४३ पासून अमेरिकी हवाई दलाची विमाने तिथे दुरुस्त होऊ लागली. तोच कारखाना वाढत आजचा एचएएल झाला. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना आला. सार्वजनिक उद्योग असल्यामुळे तिथे आरक्षण लागू झाले. आयटीआय झालेला वस्तीतला मुलगा विमानाच्या सांगाड्यावर रिव्हेट मारू शकला, त्याची मुलगी इंजिनिअर होऊ शकली, ती या कायद्यामुळे. कोणाच्या उदारपणामुळे नाही.

आज विमाने बनवण्याचे काम खाजगी कंपन्यांकडे चालले आहे. सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांचा सुमारे २१,९३५ कोटी रुपयांचा करार २०२१ मध्ये झाला. ५६ पैकी ४० विमाने टाटा आणि एअरबस वडोदऱ्यात बनवणार. ऑक्टोबर २०२२ मध्ये हे जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! नागपूरच्या मिहानला येणारा प्रकल्प गुजरातला पळवला, म्हणून सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांच्या अंगावर धावले. अग्रलेख झाले, चर्चा झाल्या. पण त्या गदारोळात एक प्रश्न कोणत्याही मोठ्या पक्षाच्या पुढाऱ्याने लावून धरल्याचे दिसले नाही: हा कारखाना नागपूरला आला असता, तर नागपूरच्या उत्तरेकडच्या वस्त्यांतल्या किती पोरांच्या हातात रिव्हेट गन आली असती, आणि किती जणांच्या हातात झाडू?

या कंपन्यांनी भेदभाव केला असा माझा आरोप नाही. मुद्दा त्याहून गंभीर आहे. त्यांनी भेदभाव केला की नाही, हे तपासण्याची सोयच आपल्या कायद्यात नाही. पैसा जनतेचा, गिऱ्हाईक सरकार, जमीन सवलतीची; पण कामावर कोण हे विचारायचे नाही, कारण कंपनी खाजगी आहे. १९४१ च्या अमेरिकेतही कंपन्या खाजगीच होत्या. रँडॉल्फ यांनी तरीही विचारले, आणि भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातल्या सरकारने तरीही आदेश काढला. सरकारी पैशाने बनणाऱ्या विमानात सरकारी तत्त्व लागू झालेच पाहिजे, एवढी साधी ती गोष्ट होती. समतेचे कलम संविधानात लिहून बसलेल्या देशाला ती अवघड का वाटावी?

दुसरीकडे ऑक्टोबर २०२१ मध्ये ४१ आयुध निर्माणी कारखाने मोडून सात कंपन्या केल्या. खडकी, देहूरोड, अंबाझरी, भंडारा, भद्रावती, वरणगाव, भुसावळ, अंबरनाथ, ही आपल्या अनेक घरांना स्थैर्य देणारी गावे. या कंपन्या आज सरकारी आहेत. पण कायम भरती आटली आणि कंत्राटदार आत आला, की आरक्षण कागदावर जिवंत राहते आणि कारखान्यात मरते. कायम कामगार शंभर असताना पंधरा जागा आपल्या. कायम कामगार दहा आणि कंत्राटी नव्वद झाले, की आपला वाटा दहामधला. यासाठी संविधानाला हात लावावा लागत नाही.

प्रशिक्षणाचे दार तरी पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायची तरतूद आहे, आणि ती खाजगी कारखान्यांनाही लागू आहे. आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे? पण प्रशिक्षण संपल्यावर नोकरी द्यायची की नाही, हे मालकाच्या धोरणावर सोडलेले आहे. म्हणजे शिका, वर्षभर विद्यावेतनावर राबा आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जा. 'प्रशिक्षण घेतलेले असले तरी' हे शब्द पुन्हा आठवा.

मग मागायचे काय?

ज्या कंपनीला संरक्षण खात्याचे कंत्राट हवे, तिने आपल्या कामगारांची सामाजिक वर्गवारी दरवर्षी जाहीर करावी. आणि ती खात्याखात्यानुसार, पगाराच्या श्रेणीनुसार असावी, नाहीतर सफाई कामगारांचा आकडा दाखवून प्रतिनिधित्व सिद्ध केले जाईल. सरकारी पैशावर चालणाऱ्या खाजगी संरक्षण उद्योगात आरक्षण कायद्याने लागू व्हावे. शिकाऊ उमेदवारांना भरतीत हक्काचे प्राधान्य मिळावे. कंत्राटी कामगार आरक्षणाच्या हिशोबात धरावेत. आणि तक्रार ऐकणाऱ्या यंत्रणेला कंत्राट रद्द करण्याचा अधिकार असावा, कारण दात नसलेल्या समितीचे काय होते ते १९४६ ने दाखवले आहे.

काही मित्र विचारतील, की बुद्धाच्या अनुयायांनी युद्धाच्या विमानांत वाटा का मागावा? प्रश्न प्रामाणिक आहे. पण विमान बनायचे की नाही हे ठरवण्याच्या टेबलावर आज आपण नाही. त्या टेबलावर पोहोचायचे असेल तर तिथेही प्रतिनिधित्वच लागेल. आपण बाहेर राहिलो म्हणून एकही बॉम्ब कमी बनत नाही, फक्त आपल्या घरातला पगार कमी होतो. आणि कर तर आपणही भरतोच.

रँडॉल्फ थांबले नाहीत. १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश निघाला, त्यामागच्या दबावात ते होते. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनवर अडीच लाखांचा मोर्चा निघाला, त्याच्या अग्रभागी हेच वृद्ध गृहस्थ होते, आणि त्या मोर्च्याच्या नावात स्वातंत्र्याच्या आधी 'रोजगार' हा शब्द होता. १९४१ मध्ये ठरलेला मोर्चा बावीस वर्षांनी प्रत्यक्ष निघाला.

आपल्याकडे १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला लाखो माणसे कोणी न बोलावता स्वतःच्या पैशाने येतात. दिल्लीतल्या कोणत्याही सरकारला हेवा वाटावा अशी ही शक्ती आहे. ती शक्ती एका मागणीपाठी, एका तारखेला उभी करण्याचे काम बाकी आहे. सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करा. जवळच्या एमआयडीसीत संरक्षणाची कामे घेणारे कारखाने कोणते, त्यांनी शिकाऊ उमेदवारांच्या राखीव जागा भरल्या का, कंत्राटी किती आणि कायम किती, ही माहिती मागवा, माहिती अधिकार वापरा, वस्तीतल्या आयटीआयच्या मुलांना गोळा करा. पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "देश संकटात आहे, आत्ता नको," तर त्याला २५ जून १९४१ ही तारीख सांगा, आणि हातातले काम चालू ठेवा.

जय भीम!